सामने पुन्हा भरव, पण संघ मिसळून

पत्र

ताई, मी मध्य नागपुरात राहतो, वय २४. नाल्याच्या अलीकडे आमची वस्ती, पलीकडे मोहल्ला आणि दोन्हींना मिळून एकच मैदान. दर उन्हाळ्यात आम्ही तिथे टेनिस बॉलचे नाईट सामने घ्यायचो. गेल्या वेळी फायनल आमची वस्ती विरुद्ध मोहल्ला अशी आली. टी-शर्टवर नावंही तशीच छापली होती. शेवटच्या ओव्हरला आमच्याकडच्या अंपायरने आमच्या बाजूने नो-बॉल दिला. आधी शिव्या झाल्या, मग घोषणा, मग लोकांनी स्टंप उपटले. दोन पोरांच्या डोक्याला टाके पडले, पोलीस आले, तेव्हापासून सामने बंद. माझा लहानपणापासूनचा दोस्त पलीकडचा आहे. गल्लीत मी बॉलिंग टाकायचो आणि तो कीपिंग करायचा. त्या रात्री तो त्यांच्यात उभा होता, मी आमच्यात. त्यानंतर आमचं बोलणं नाही. आता काही लोक म्हणतात, शांततेसाठी पुन्हा सामने घ्या, खेळामुळे माणसं जवळ येतात. घरचे म्हणतात, नको ती कटकट. ताई, खेळामुळे माणसं खरंच जवळ येतात का, की हे फक्त बक्षीस समारंभात बोलायचं असतं? आणि दोस्ताचं काय करू?

– तुमचा लहान भाऊ

उत्तर

लहान भाऊ म्हणून सही केलीस, म्हणून अरे-तुरेच करते. वस्तीचं आणि मोहल्ल्याचं नाव तू लिहिलं होतंस, ते मी गाळलं आहे. तुम्हा सगळ्यांना अजून तिथेच राहायचं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. खेळामुळे माणसं जवळ येतात हे खरं आहे आणि खेळामुळे माणसं दुरावतात हेही तितकंच खरं आहे. दोन्हींपैकी काय होणार, हे बहुतेक वेळा पहिला चेंडू पडायच्या आधीच ठरलेलं असतं, कारण ते संघ कसे पाडले यावर अवलंबून असतं. समोरासमोर खेळून ओळख होते. जीव लागतो तो एकाच बाजूने खेळल्यावर. त्या फायनलचं खापर नो-बॉलवर फोडू नकोस. तुमच्या पाठीवर वस्तीचं नाव होतं, त्यांच्या पाठीवर मोहल्ल्याचं. एरवी नाल्याच्या पुलावर येता-जाता जी रेघ कुणाच्या लक्षातही येत नाही, ती तुम्ही त्या रात्री चुना मारून ठळक केलीत, वर हॅलोजन लावलेत आणि भोवती बघ्यांची गर्दी उभी केलीत. नो-बॉल नसता तर रनआउटवरून पेटलं असतं.

आपल्याकडे हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलं आहे. स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत क्रिकेटचे सर्वांत गाजलेले सामने धर्मावर पाडलेल्या संघांत व्हायचे. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि १९३७ पासून ख्रिस्ती वगैरे ‘इतरां’चा पाचवा संघ. म्हणून ते पंचरंगी सामने. खेळ अव्वल असायचा. विजय हजारेंनी १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात ‘इतरां’कडून खेळताना हिंदू संघाविरुद्ध संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या होत्या. पण देशातली हवा बिघडत गेली तशी ही विभागणी टोचू लागली. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी या सामन्यांना उघड विरोध केला. कॉलेजांचे, संस्थांचे संघ मी समजू शकतो, पण धर्माचे संघ कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची थांबली. क्रिकेट काही थांबलं नाही. प्रांतवार संघांचा रणजी करंडक चालूच राहिला आणि त्याच करंडकासाठी १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये आपल्या विदर्भाने दिल्लीला हरवलं. कप्तान फैज फजल, हॅटट्रिक रजनीश गुरबानीची, शतक अक्षय वाडकरचं, विजयी धावा वसीम जाफरच्या, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. त्या दिवशी नागपुरात कुणी कुठल्या बाजूला उभं राहायचं, हा प्रश्नच नव्हता.

आता एक अभ्यास सांगते, तो तुझ्या कामाचा आहे. मॅट लो नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातल्या गावांमध्ये वेगवेगळ्या जातींचे बाराशेहून जास्त तरुण घेतले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना महिनाभर चालणाऱ्या क्रिकेट लीगमध्ये खेळवलं. कोण कुठल्या संघात जाणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. काही संघ एकाच जातीचे झाले, काही मिश्र. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या संघात दुसऱ्या जातीची मुलं होती, त्यांची जातीबाहेरची मैत्री वाढली, आपल्याच जातीच्या पोराला झुकतं माप देणं कमी झालं, नंतरच्या देवाणघेवाणीतही ते दुसऱ्या जातीच्या माणसाशी नीट व्यवहार करू लागले. ज्यांना दुसऱ्या जातीची मुलं फक्त समोरच्या संघात भेटली, त्यांच्यात हे झालं नाही, उलट येणं-जाणं कमीच झालं. खेळ तोच, मैदान तेच, महिना तोच. फरक फक्त कोण आपल्याकडून आणि कोण समोरून, एवढाच.

म्हणून माझं सांगणं असं की, सामने घे, पण वस्ती विरुद्ध मोहल्ला हा सामना पुन्हा होता कामा नये. मैत्रीपूर्ण म्हणूनही नको, प्रदर्शनीय म्हणूनही नको.

आठ-आठ जणांचे संघ कर, प्रत्येकात चार इकडचे, चार तिकडचे. दोन डबे घे, एकात तुमच्याकडची नावं, एकात त्यांच्याकडची, आणि सगळ्यांसमोर लहान मुलाच्या हाताने चिठ्ठ्या काढ. हल्ली गल्लीच्या स्पर्धेतही खेळाडूंचा लिलाव करतात. तो करू नकोस. लिलावात चांगली पोट्टी एका बाजूला जातात, उरलेल्यांचा अपमान होतो आणि ज्याच्याकडे पैसा तो मालक होऊन बसतो. कप्तान इकडचा असेल तर उपकप्तान तिकडचा. संघांची नावं आपल्याकडच्या नद्या-तलावांवरून नाग, पिवळी, कन्हान, पेंच, अंबाझरी, फुटाळा अशी ठेव. हे पाणी कुण्या एका मोहल्ल्याचं नाही.

एक नियम मात्र माझ्यासाठी कर. सलामीची जोडी नेहमी एक इकडचा, एक तिकडचा. तू स्वतः खेळतोस, तुला हे सांगायला नको. नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला उभं असताना समोरचा ‘आ जा’ म्हणाला की चेंडू कुठे गेला हे न बघता पळावं लागतं. मान वळवून खात्री करत बसलास तर अर्ध्यात सापडतोस. ‘रुक’ म्हणाला की उचललेलं पाऊल परत टाकावं लागतं. आणि रनआउट झालाच तर दोघांपैकी एकाला दुसऱ्यासाठी बाहेर जावं लागतं. त्या दोन पोरांनी महिनाभर हे केलं, तर ती काहीतरी वेगळी पोरं होऊन घरी जातील. म्हणूनच बक्षिसांत सामनावीरापेक्षा मोठं बक्षीस सर्वोत्तम भागीदारीला ठेव. कप एक नको, सारखे दोन, म्हणजे दोघांच्या घरी जातील.

बाद फेरीचे सामने घेऊ नकोस, लीग घे. बाद फेरीत हरलेला संघ पहिल्याच रात्री बॅगा भरून जातो, मग ती आठ पोरं एकत्र राहतात कधी? चार-पाच आठवडे, फक्त शनिवार-रविवार, प्रत्येक संघाला किमान पाच सामने मिळाले पाहिजेत. मोठी रोख रक्कम लावू नकोस. ५१ हजारांचं बोर्ड लागलं की बाहेरचे भाड्याचे खेळाडू येतात, त्यांच्या मागे सट्टा येतो आणि एका नो-बॉलची किंमत भलतीच वाढते. फ्लेक्सवर कुठल्याही नेत्याचा फोटो नको, झेंडा नको, डीजे नको. वर्गणी दोन्हीकडच्या दुकानदारांकडून घे, थोडी थोडी, आणि हिशोबाचा कागद मैदानाच्या भिंतीवर चिकटव.

अंपायर दोन ठेव, एक इकडचा, एक तिकडचा. संघच मिसळलेले असले की अंपायर कुणाचा हा वाद अर्धा मिटतो. उरलेल्या अर्ध्यासाठी कोलंबियातल्या मेडेयिन शहराकडे बघ. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकात आंद्रेस एस्कोबार या खेळाडूकडून स्वतःच्याच संघावर गोल झाला आणि घरी परतल्यावर त्याच शहरात त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. त्यानंतर तिथे शांततेसाठीचा फुटबॉल सुरू झाला. मुलं-मुली एका संघात, पहिला गोल मुलीनेच करायचा, पंच नाही. खेळण्याआधी दोन्ही संघ बसून वागण्याचे नियम ठरवायचे आणि खेळून झाल्यावर पुन्हा बसून, कोण त्या नियमांना जागलं, ते बोलायचं. तुझ्या क्रिकेटला अंपायर लागेलच, पण सामन्याआधी पाच मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं बसणं तुला सहज जमेल. वाद झाला तर फक्त दोन कप्तान बोलतील, बाकीचे जागेवर थांबतील, हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून वदवून घे.

सामन्यांच्या आधी दोन रविवार मैदान साफ करायला ठेव, दोन्हीकडच्या पोरांनी मिळून. इतके दिवस बंद पडलेलं मैदान म्हणजे काचा, खर्ऱ्याच्या पन्न्या, बांधकामाचा मलबा. खडे वेचायचे, पिचवर पाणी मारायचं, रोलर ओढायचा. १९५४ मध्ये मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एका शिबिरात मुलांचे दोन गट पाडून त्यांच्यात स्पर्धा लावल्या, तर थोड्याच दिवसांत त्यांनी एकमेकांचे झेंडे जाळले. नुसतं एकत्र जेवायला बसवून, सिनेमा दाखवून काही फरक पडला नाही. बंद पडलेलं पाणी सगळ्यांनी मिळून सुरू करावं लागलं, अडलेला ट्रक सगळ्यांनी दोर लावून ओढावा लागला, तेव्हा कुठे मनं निवळली. रोलर दोघांना ओढवत नाही, आठ जण लागतात. तेच आपल्याला हवं आहे.

पाणी आणि खाणं याकडे खास लक्ष दे. पालवणकर बाळू हे पुण्यात घडलेले गोलंदाज. दलित समाजातले. क्लबच्या मैदानावर चाकरी करता करता युरोपियनांना नेटमध्ये चेंडू टाकत ते तयार झाले. पुढे हिंदूंच्या संघाला जिंकायला ते हवे होते, म्हणून मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालायचा. पण चहाच्या वेळी आपल्याच संघातले लोक आत बसायचे आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेणाऱ्या माणसाची ही गत. हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधीच मिळालं नाही, ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. हे वाचताना माझा जीव अजूनही तुटतो. एकत्र खेळणं पुरत नाही, रे. पाण्याचा कॅन एकच असू दे, ग्लास तेच सगळ्यांचे. सकाळचा सामना झाला की तर्री-पोहे, सगळ्यांना चालतील असे, आणि बसायचं ते संघ करून, वस्ती-मोहल्ला करून नाही. पोहे एक रविवार तुमच्याकडून, एक रविवार त्यांच्याकडून. यातून आई, काकू, आपा या सगळ्या यात येतील, आणि त्या आल्या की मैदानावरच्या शिव्या आपोआप कमी होतात.

तारखा काढताना कॅलेंडर दोघांनी मिळून बघा. रमजान, रामनवमी, १४ एप्रिल, ईद, सगळं सांभाळून. रोजे चालू असताना दुपारचा सामना ठेवलास तर निम्मी पोरं तू स्वतःच बाहेर काढलीस. आणि १४ वर्षांखालच्यांसाठी वेगळा फुटबॉल ठेव, त्यात मुली घे. क्रिकेटला बॅट लागते, ग्लव्हज लागतात. फुटबॉलला एक चेंडू पुरतो. आपल्याच शहरात विजय बारसे सरांनी पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल उभं केलं. तीच संस्था, स्लम सॉकर, जिला २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. हे सगळं नागपुरातल्या वस्त्यांमधूनच उभं राहिलं आहे, तेव्हा आपल्याकडे हे चालत नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

तुझ्या घरच्यांची भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. मार्च २०२५ मध्ये महाल-हंसापुरीकडे जी दंगल झाली आणि शहराच्या केवढ्या भागात संचारबंदी लागली, ते त्यांनी पाहिलं आहे. त्यांना ‘काही होत नाही’ असं म्हणू नकोस. वर सांगितलेले नियम कागदावर लिहून दाखव आणि वडिलांना विचार, तुम्ही हिशोब ठेवाल का? घरात बसून काळजी करणाऱ्या माणसाला काम दिलं की त्याची काळजीही उपयोगी पडते.

आणि तूही फार मोठी आशा धरू नकोस. उत्तर इराकमध्ये आयसिसच्या हल्ल्यांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांत सल्मा मूसा या संशोधिकेने काही ठिकाणी मुस्लिम खेळाडू घातले. २०२० मध्ये तिचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला. मिश्र संघातले ख्रिस्ती खेळाडू पुढच्या हंगामातही मिश्र संघात खेळायला तयार झाले, सहा महिन्यांनंतरही मुस्लिम मुलांबरोबर सराव करत राहिले. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दल त्यांचं वागणं फारसं बदललं नाही. म्हणजे जीव लागतो तो आपल्या संघातल्या सोबत्यांवर, अख्ख्या समाजावर नाही. मला हे निराश करणारं वाटत नाही. तुझ्या लीगमध्ये सहा संघ झाले तर ४८ पोरं होतात, आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पलीकडच्या चौघांचे नंबर राहतात.

त्या नंबरांचं मोल सांगते. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भयंकर दंगली झाल्या होत्या. पुढे सुरेश खोपडे नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या, दोन्ही समाजांतली साधी माणसं नेमाने एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. रात्री अकराला ग्रुपवर काहीतरी फिरतं, ‘पलीकडे शंभर जण जमलेत’. तेव्हा नाल्यापलीकडच्या आपल्या उपकप्तानाला फोन लावून ‘क्या चल रहा बे उधर?’ विचारता येणं आणि ‘कुछ नहीं भाई, बारात है’ असं उत्तर मिळणं, एवढ्याने एक रात्र निभावते. म्हणून लीग संपल्यावर संघांचे व्हॉट्सअॅप ग्रुप बंद करू नकोस. महिन्यातून एक रविवार तरी तेच संघ मैदानात उतरव.

आता तुझा दोस्त. सामन्यांचं सगळं नंतर, हे आधी. त्याला मेसेज टाकू नकोस. मेसेजवर माणूस तोलून-मापून लिहितो आणि वाचणारा त्यात नको ते शोधतो. दिवसाउजेडी, तो असेल तिथे, दुकानावर, गॅरेजवर, एकटा जा. नो-बॉल होता की नव्हता यावर एक शब्द काढू नकोस, त्याने काढला तर ऐकून घे. आमच्याकडून घोषणा झाल्या तेव्हा मी गप्प उभा राहिलो, ते मला करायला नको होतं, एवढं सरळ म्हण. तो त्या रात्री तिकडे का उभा होता, याचा जाब विचारू नकोस, कारण तू इकडे ज्या कारणाने उभा होतास, त्याच कारणाने तो तिकडे होता. डोक्याला टाके पडलेली पोरं कशी आहेत ते विचार. पलीकडचा कुणी असेल तर त्याच्या घरी दोघं मिळून जा, आणि तुमच्याकडचा असेल तर त्याच्याही.

तो लगेच हसून गळ्यात पडेल असं नाही. दोन शब्द बोलून कामाला लागला तरी जाताना सांगून ये की पुढच्या रविवारी मैदान साफ करायला येतोय, खराटा तुझ्याकडून आण. आला तर संयोजक तुम्ही दोघं. महापालिकेकडे मैदानासाठी आणि पोलीस ठाण्यात परवानगीसाठी जो अर्ज जाईल, त्यावर दोघांच्या सह्या असू द्या, आणि तो द्यायला दोघांनी बरोबर जा. ठाणेदाराला आधीच सांगा की संघ मिश्र आहेत. उद्घाटनाला बोलवायचंच असेल तर त्यालाच बोलवा.

तो नाही आला, तर पहिल्या रविवारी जे येतील त्यांच्यासोबत काम सुरू कर आणि त्याच्या नावाची चिठ्ठी डब्यात ठेव. दुसऱ्या रविवारी पुन्हा जा. लीगची तारीख ठरली की मला कळव. स्कोअर लिहायला माणूस लागला, तर सकाळच्या सामन्यांना मी येऊ शकते.

– ताई